मचाणावरून दिसणारी गाडी

शर्यतीला मिनिटभर उरलं की दहा जण जिना चढून मचाणावर जातात आणि कठड्याला लागून एका ओळीत उभे राहतात. बहुतेकांच्या हातात पिस्तुलाच्या घडणीचा ट्रान्समीटर असतो. एका हाताच्या तर्जनीखाली ॲक्सिलरेटर आणि ब्रेक, दुसऱ्या हाताशी स्टिअरिंगचं छोटं चाक. खाली मातीच्या वळणावळणाच्या ट्रॅकवर त्यांच्या बग्ग्या उभ्या असतात. लांबीला हातभरसुद्धा नाहीत, वजनाला दीड किलोच्या आसपास. भोंगा वाजतो आणि पुढची पाच मिनिटं मचाणावर कुणी कुणाशी बोलत नाही.

खऱ्या गाडीचा चालक गाडीत बसलेला असतो. मागचं चाक घसरू लागलं की ते डोळ्यांआधी त्याच्या कमरेला कळतं. स्टिअरिंग हलकं पडलं तर तळहाताला कळतं. मचाणावरच्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही. त्याची गाडी वीस-तीस मीटरवर असते. ती त्याच्याकडे तोंड करून आली की डावं-उजवं उलटं होतं. हातातलं स्टिअरिंग एका स्प्रिंगवर फिरतं आणि त्या स्प्रिंगला ट्रॅकचा पत्ता नसतो. गाडीला काय होतंय हे त्याने फक्त बघून ओळखायचं आणि तेवढ्यात बोटाने उत्तर द्यायचं.

त्यामुळे या खेळात ज्याला सेटअप म्हणतात, म्हणजे स्प्रिंग, शॉकअपमधलं तेल, चाकांचे कोन, टायर, गाडीची उंची यांची जुळवणी, तिचं काम गाडी वेगवान करण्यापुरतं नसतं. मोटरी आणि बॅटऱ्या आज इतक्या ताकदवान आहेत की वेग कुणालाही विकत मिळतो. चांगल्या सेटअपची गाडी घसरण्याआधी घसरणार असं दिसू देते. ती कलते, पण अचानक नाही. उडीनंतर जमिनीवर येते आणि पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. हे सारं कसं साधतं, आणि ते साधणं किती बारीक काम आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

मुळात या गाड्यांना सस्पेन्शन म्हणावं असं काही फार उशिरा आलं. जपानमधल्या शिझुओकाच्या टॅमिया कंपनीने १९७९ मध्ये रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर या दोन बग्ग्या काढल्या. फोक्सवॅगन बीटलच्या सांगाड्यावर बांधल्या जाणाऱ्या वाळवंटी बग्ग्यांच्या त्या प्रतिकृती. त्यांत ओतीव धातूचे भाग होते आणि रेडिओसाठी पाणी न शिरणारी पेटी होती. त्या वाळूत, चिखलात, डबक्यात चालत आणि मुलांना याहून जास्त काही नको होतं. १९८४ मध्ये आलेल्या टॅमियाच्याच ग्रासहॉपरला स्प्रिंगा होत्या, पण स्प्रिंगांची उसळी आवरायला तेल नव्हतं. ती गाडी नावाप्रमाणे टोळासारखी उड्या मारत जाई. जगभरातल्या कितीतरी जणांनी या खेळाची सुरुवात तिच्यावरच केली.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या असोसिएटेड इलेक्ट्रिक्सची आरसी१० बाजारात आली. या कंपनीला सपाट डांबरावरच्या शर्यतींचा अनुभव होता आणि रॉजर कर्टिस यांनी मातीवरची ही गाडी आखताना शर्यत हाच हेतू ठेवला होता. सोनेरी ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमचा सांगाडा, चारही चाकांना स्वतंत्र आणि लांब पल्ल्याचं सस्पेन्शन, चारही कोपऱ्यांत तेल भरलेले शॉकअप. पुढच्या वर्षी, १९८५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या डेल मारला एक-दशांश मापाच्या विजेवरच्या ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. टू-व्हील ड्राइव्हचं विजेतेपद जे हॉल्सीने आरसी१० चालवून मिळवलं, तर फोर-व्हील ड्राइव्हचं गिल लोसी ज्युनियरने योकोमोच्या गाडीवर. त्यानंतर तेलाच्या शॉकअपशिवाय या शर्यतीत उतरायचा विचार कुणी केला नाही.

तेल इतकं का लागतं, याचं उत्तर गुरुत्वाकर्षणात आहे. गाडी दहापट लहान केली म्हणून पृथ्वीची ओढ दहापट कमी होत नाही. ट्रॅकवरच्या उडीत बग्गी सहज मीटरभर उंच जाते. मापाच्या हिशेबाने पाहिलं तर खऱ्या गाडीने दहा मीटरवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली येण्यासारखं ते आहे. आणि अशा उड्या पाच मिनिटांच्या शर्यतीत प्रत्येक फेरीला चार-पाच. मीटरभर उंचीवरून पडायला सेकंदाच्या अर्ध्याहून थोडा कमी वेळ लागतो आणि टेकताना वेग ताशी सोळा किलोमीटरच्या घरात असतो. सपाट जमिनीवर तो वेग तीन सेंटिमीटरच्या हालचालीत शून्यावर आणायचा तर गाडीवर तिच्या वजनाच्या तीसपटीहून जास्त बल येतं. म्हणून ट्रॅक बांधणारे उडीपुढे उतार ठेवतात, म्हणजे गाडी आपटण्याऐवजी उतारावर घसरत खाली येते. तरीही एखादी उडी लांब किंवा आखूड पडतेच, आणि त्या वेळी सगळी भिस्त शॉकअपवर असते.

शॉकअपची रचना तशी सोपी. बोटाएवढी नळी, तिच्यात सिलिकॉनचं तेल, त्यात दांड्याच्या टोकाला बसवलेला प्लॅस्टिकचा छोटा पिस्टन आणि त्या पिस्टनला दोन-तीन बारीक छिद्रं. चाक वर-खाली झालं की पिस्टन तेलातून सरकतो आणि तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते. स्प्रिंग साठवलेली ऊर्जा परत द्यायला बघते, तेल ती उष्णतेत घालवून टाकतं.

ही नळी भरायची कशी, यावर माणसाची पारख होते. दांडा पूर्ण बाहेर ओढून नळी उभी धरायची, काठापर्यंत तेल ओतायचं आणि पिस्टन अगदी सावकाश वर-खाली करायचा. छिद्रांतून हवेचे बुडबुडे सुटून वर येतात. घाई केली तर तेच बुडबुडे फुटून बारीक होतात आणि तेल दुधाळ दिसायला लागतं. मग थांबावं लागतं. हवा निघाली की वरती रबरी पडदा ठेवायचा, जादा तेल बाहेर येऊ द्यायचं आणि झाकण फिरवायचं. शेवटी दांडा आत दाबून सोडायचा आणि तो आपणहून किती बाहेर येतो ते बघायचं. डाव्या-उजव्या जोडीचे दोन्ही दांडे सारखेच बाहेर आले पाहिजेत. कानाशी धरून दाबताना चुळचुळ ऐकू आली तर आत हवा उरली आहे, पुन्हा उघडा. शर्यतीच्या आदल्या रात्री चार शॉकअप भरायला लागणारा वेळ कुणी वाचवू नये असं माझं ठाम मत आहे. डावा शॉकअप एका स्वभावाचा आणि उजवा दुसऱ्या, अशी गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे वेगळंच वळते. मग चालक स्टिअरिंगला, टायरला, ट्रॅकला दोष देत बसतो.

आता छिद्रांकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात पॉइझील या फ्रेंच शास्त्रज्ञाने केसासारख्या नळ्यांतून वाहणाऱ्या द्रवाचा अभ्यास केला. त्याच्या मनात प्रश्न होता रक्तवाहिन्यांचा. १८४० च्या दशकात त्याने मांडलेला नियम असा की शांतपणे वाहणाऱ्या द्रवाला होणारा विरोध नळीच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. पिस्टनचं छिद्र आखूड असतं, कडेनेही थोडं तेल निसटतं, त्यामुळे हा नियम इथे ढोबळच लागू पडतो. पण ढोबळ हिशेबही डोळे उघडतो. १.६ मिलिमीटरचं छिद्र १.७ केलं तर विरोध जवळपास पाचव्या भागाने घटतो. मिलिमीटरचा दहावा हिस्सा! आता तेलाची एक पायरी बघा. असोसिएटेडच्या बाटलीवर ३० वेट लिहिलेलं तेल ३५० सेंटिस्टोकचं (सेंटिस्टोक हे तेलाच्या घट्टपणाचं एकक) असतं आणि ३५ वेटचं ४२५ चं, म्हणजे सुमारे पाचव्या भागाने घट्ट. छिद्र मोठं केलं आणि तेल एक पायरी घट्ट घेतलं तर टेबलावर दांडा हळू दाबताना बोटांना फारसा फरक कळणार नाही.

ट्रॅकवर मात्र कळतो. कारण उडीनंतर पिस्टन हळू जात नाही, झटक्याने जातो. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की छिद्रांतला प्रवाह शांत राहत नाही, त्यात भोवरे उठतात आणि विरोध एकाएकी चढतो. याला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या दुरुस्त करायच्या जागेत, पॅक म्हणतात. बारीक छिद्रांचा पिस्टन लवकर पॅक होतो. मोठ्या उडीवरून गाडी बुडावर आपटत नाही, हा त्याचा फायदा. पण लागोपाठच्या छोट्या उंचवट्यांवर तोच पिस्टन चाकाला वर जाऊ देत नाही आणि गाडी टणाटण उडत सुटते. मोठ्या छिद्रांचा पिस्टन आणि घट्ट तेल घेतलं तर वळणात गाडी तितकीच सावकाश कलते आणि खड्डेही गिळते, फक्त मोठ्या उडीवर बूड जमिनीला लागतं. एकाच ट्रॅकवर मोठी उडी आणि उंचवट्यांची रांग दोन्ही असतात. कुठे सोसायचं आणि कुठे कमवायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. माझा कल मोठ्या छिद्रांकडे आहे, कारण फेरीतला बराच वेळ चाकं जमिनीवर असतात आणि चालकाची परीक्षा तिथेच होते.

बाटलीवरच्या आकड्यांवर डोळे झाकून विसंबता येत नाही, हेही सांगायला हवं. लोसी या कंपनीच्या बाटलीवरचं ३० म्हणजे ३३८ सेंटिस्टोक. हा फरक लहान, पण कंपन्यांच्या वेटमधलं अंतर काही पायऱ्यांवर वाढत जातं. म्हणून जाणकार माणसं सेंटिस्टोकमध्येच बोलतात. शिवाय तापमान. सिलिकॉनचं तेल खनिज तेलापेक्षा उष्णतेला कमी बधतं, पण बधतंच. पंचवीस अंशांवरून चाळीस अंशांवर गेलं की ते सुमारे पाचव्या भागाने पातळ होतं. म्हणजे सकाळी गारव्यात भरलेलं ३५ वेट भर दुपारी ३० सारखं वागतं. युरोपातल्या पावसाळी सकाळी लिहिलेला सेटअप विदर्भातल्या एप्रिलच्या दुपारी जसाच्या तसा वापरला, तर गाडी मऊ आणि ढिली भासणार. त्यात सेटअप लिहिणाऱ्याचा काही दोष नाही.

शॉकअपबद्दल आधी लिहिलं, पण ट्रॅकवर पहिला विचार टायरचा करावा लागतो. टायर चुकला तर बाकीचं काहीही बदला, गाडी सुधारत नाही. भुसभुशीत धुरळ्यावर उंच काट्यांचा टायर, कारण त्याला खाली शिरून घट्ट थर गाठायचा असतो. दाबून गुळगुळीत केलेल्या ओलसर चिकणमातीवर काटे उलट अडचण करतात. तिथे लोक काटे पूर्ण झिजलेले किंवा मुळातच गुळगुळीत टायर लावतात आणि मऊ रबराचं सपाट पोट मातीला चिकटू देतात. कृत्रिम हिरवळीवर आखूड, बारीक खिळ्यांचे टायर. टायरच्या आत हवा नसते, फोमची कडी असते. ती मऊ की कडक, यावर टायरची बाजू वळणात किती दुमडेल ते ठरतं. टायर रिमला फेव्हिक्विकसारख्या गोंदाने चिकटवतात, आणि गोंद एखाद्या ठिकाणी सुटला की भर वळणात टायर रिमवरून निघायला लागतो.

जमीन टायर ठरवते हे कुणालाही पटेल. तिने गाडीची शरीररचनाच बदलून टाकली, ही गोष्ट मात्र कमी लोकांना ठाऊक असते. टू-व्हील ड्राइव्ह बग्गीत मोटर पूर्वी मागच्या आसाच्याही मागे लटकत असे. सैल मातीवर ते शहाणपणाचं होतं. ताकद मागच्या चाकांना, म्हणून वजनही मागे, म्हणजे चाकं जमीन धरतात. आरसी१० तशीच होती, तिच्या पुढच्या पिढ्याही तशाच. पण युरोपात शर्यती कृत्रिम हिरवळीवर आणि गालिच्यावर होऊ लागल्या, अमेरिकेत बंदिस्त जागेतली चिकणमाती आली. तिथे पकड इतकी मिळते की मागच्या वजनाची गरज उरत नाही. उलट ते वजन वळणात लंबकासारखं बाहेर फेकलं जातं आणि पुढची चाकं हलकी राहतात. काही कारागिरांनी असोसिएटेडच्याच सुट्या भागांतून मोटर आसाच्या पुढे आणणाऱ्या गाड्या बांधल्या. पुढे मोठ्या कंपन्यांनाही ते मान्य करावं लागलं. असोसिएटेडने बी५ आणि बी५एम अशा दोन बहिणी एकत्र काढल्या, एक मागच्या मोटरची आणि एक मधल्या. २०१५ साली जपानमध्ये याताबेला झालेल्या जागतिक स्पर्धेत स्पेन्सर रिव्हकिनने मधल्या मोटरच्या गाडीवर टू-व्हीलचं विजेतेपद मिळवलं. त्यानंतरच्या बी६ च्या मालिकेत मोटर मध्येच आहे. तीस वर्षांत मोटर आसाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेली, आणि तिला तिथे नेलं ते जमिनीने.

पकडीचा अतिरेकही होतो. गालिच्यावर गाडी वळणात घसरायचं सोडून थेट कलंडते. मग गाडी खाली आणावी लागते. मातीवर तिचं बूड जमिनीपासून वीस मिलिमीटर किंवा त्याहून वर असतं, गालिच्यावर ते पंधरा-सोळाच्या आसपास येतं. स्प्रिंग कडक करतात, आणि काही जण पुढच्या टायरच्या बाजूंना पातळ गोंदाचा थर देऊन रबराची पकड मुद्दाम कमी करतात. पकड मिळवण्यासाठी झटणाऱ्या खेळात ती कमी करण्यासाठीही इतके उपाय शोधले गेले, हे मला फार विलक्षण वाटतं.

चाकांच्या कोनांचा भाग पुस्तकी वाटतो, पण हातात ॲलन की घेतल्यावर तो सर्वांत जिवंत होतो. मागची चाकं वरून पाहिल्यास आत वळलेली असतात, साधारण तीन अंश. गाडी सरळ रेषेत स्थिर राहते ती त्यामुळे. समोरून पाहिलं तर चाकांची वरची कड एक-दोन अंश आत झुकलेली, म्हणजे वळणात गाडी कलली की बाहेरचं चाक जमिनीवर सपाट बसतं. पुढच्या चाकांचा वळण्याचा अक्ष मागे कललेला, मातीवरच्या टू-व्हील गाडीत सर्वसाधारणपणे पंचवीस ते तीस अंश. हे आकडे एकदा बसवले की फारसे हलवत नाहीत.

हलवतात ती वरची कॅम्बर-दांडी. चाकाच्या वरच्या टोकाला सांगाड्याशी जोडणारी ही दांडी दोन्ही टोकांना गोल डोक्याच्या बोल्टवर बसते, आणि त्या बोल्टाखाली मिलिमीटरभर जाडीचे वायसर घालता-काढता येतात. आतल्या टोकाखाली एक वायसर वाढवला की दांडी आडवी होत जाते, गाडीचं रोल सेंटर, म्हणजे ती ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू, खाली सरकतो आणि गाडी वळणात जास्त कलते. कललेली गाडी बाहेरच्या टायरवर भार सावकाश टाकते, पकड हळूहळू येते आणि हळूहळू जाते. वायसर काढला तर गाडी ताठ होते, चटकन दिशा बदलते, पण सुटली तर एकदम सुटते. एका वायसरने एवढं होतं. मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवून जवारी लावणारा कारागीर मला या कामाच्या सर्वांत जवळचा वाटतो. दोघांनाही मोजपट्टी पुरत नाही, फरक झाला की नाही हे शेवटी इंद्रियाने ठरवावं लागतं. तिथे कान, इथे डोळा.

मागच्या आसावरचा अँटी-स्क्वॉट हा कोन यापेक्षा वादग्रस्त. मागच्या सस्पेन्शन-आर्मचा सांधा पुढून थोडा उचलला की ॲक्सिलरेटर दाबताना गाडीचं बूड खाली बसायला विरोध होतो. गुळगुळीत ट्रॅकवर गाडी तीरासारखी सुटते. खडबडीत ट्रॅकवर मात्र मागची चाकं ॲक्सिलरेटर दाबताच उंचवट्यांवर उसळायला लागतात. दोन अंश बरे की तीन, यावर पिटमध्ये तासन् तास बोलणं चालतं. ते बोलणं फुकट जातं असं मला वाटत नाही. त्यातून दुसऱ्याच्या ट्रॅकची माहिती मिळते.

वळणात डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलच्या इतिहासात एक इंग्रज अभियंता आहे. सेसिल शूमाकर हे कॉसवर्थ या शर्यती इंजिनांच्या प्रसिद्ध कंपनीत गिअरबॉक्सचं काम करत. त्यांनी छोट्या गाड्यांसाठी गोळ्यांवर चालणारं डिफरन्शियल बनवलं. दोन चकत्यांमध्ये पोलादी गोळ्या दाबलेल्या असतात, आणि मधला स्क्रू घट्ट किंवा ढिला करून ते किती सहज फिरेल हे ठरवता येतं. त्यांच्याच कंपनीच्या कॅट या फोर-व्हील बग्गीवर मासामी हिरोसाका या जपानी मुलाने १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या रॉम्सीत जागतिक विजेतेपद मिळवलं. त्याच स्पर्धेत टू-व्हीलमध्ये जोएल जॉन्सन क्योशोच्या अल्टिमावर जिंकला. आज बहुतेक गाड्यांत गिअरचं डिफरन्शियल असतं, त्यात हजारो सेंटिस्टोकचं तेल भरतात. एक-अष्टमांश मापाच्या इंधनावरच्या बग्ग्यांत तर अशी तीन असतात. पुढचं, मधलं आणि मागचं. पिटमध्ये कुणी 'पाच-सात-तीन' म्हणालं तर समजायचं, पुढे पाच हजार, मध्ये सात हजार, मागे तीन हजार. या गाड्या सव्वातीन किलोच्या, इंजिन साडेतीन सीसीचं, आणि जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी तब्बल एक तासाची. टाकी १२५ सीसीची, म्हणून दर आठ-दहा मिनिटांनी इंधन भरायला यावं लागतं. तासभर चालताना डिफरन्शियल तापतात, आतलं तेल पातळ होतं आणि सुरुवातीला जुळलेली गाडी शेवटच्या पंधरा मिनिटांत वेगळी वागते. अशा फेरीचा सेटअप सुरुवातीला किंचित ताठ ठेवतात, कारण पुढे ती आपोआप मऊ होणार असते.

हवेतली गाडी हा या खेळाचा सर्वांत देखणा भाग. गाडी उडीवरून सुटली की तिला आधार नसतो, पण चालकाच्या हातात एक गोष्ट उरते. ॲक्सिलरेटर दाबला की चाकं जोरात फिरतात आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून नाक वर उचललं जातं. ब्रेक दाबला की चाकं थांबतात आणि नाक खाली येतं. अनुभवी चालक प्रत्येक उडीत हे करतात. सस्पेन्शनचं इथे काय काम? गाडी उडीच्या चढावर असताना स्प्रिंग दबलेली असते, टोकावर ती सुटते. मागच्या शॉकअपला तेल पातळ असेल तर मागची बाजू फेकली जाते आणि नाक खाली जातं. म्हणजे हवेतली वागणूक जमिनीवरच ठरलेली असते. बोटाने जी दुरुस्ती करावी लागते ती जितकी कमी, तितकं चालकाचं लक्ष पुढच्या वळणावर राहतं.

ही सगळी जुळवणी एका कागदावर उतरवतात. प्रत्येक कंपनी आपल्या गाडीचा सेटअप-शीट छापते. त्यावर गाडीच्या आकृत्या, आकृतीवर सगळी छिद्रं, आणि ज्या छिद्रात बोल्ट आहे ते भरायचं. विजेत्यांचे शीट प्रसिद्ध होतात आणि नवे खेळाडू ते जसेच्या तसे उतरवून घेतात. बहुतेकांची निराशा होते. मासामी हिरोसाकाचंच घ्या. १९८९ मध्ये सिडनीला त्याने टू-व्हील आणि फोर-व्हील दोन्ही जिंकली आणि पुढे एकूण चौदा जागतिक विजेतेपदं मिळवली. ज्याची बोटं इतकी अचूक आणि शांत, त्याला मागून हलकी, लगेच वळणारी गाडी चालते, कारण ती सुटायच्या आत त्याचं उत्तर गेलेलं असतं. तीच गाडी रविवारी खेळणाऱ्याच्या हाती दिली तर पहिल्या वळणात उलटी होईल. १९९१ मध्ये डेट्रॉइटला टू-व्हील जिंकणाऱ्या क्लिफ लेटचं उदाहरण याहून बोलकं आहे. तो असोसिएटेडच्या गाड्या आखणाराही होता. मचाणावर जे डोळ्याला दिसलं ते ड्रॉइंग बोर्डापर्यंत नेताना त्याला कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

बाकीच्यांना समजावून सांगावं लागतं, आणि तिथेच काम अडतं. 'मागचं सुटतंय' एवढं म्हणून भागत नाही. कुठे सुटतंय? ब्रेक दाबून वळणात शिरताना, वळणाच्या मध्यावर, की बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिल्यावर? तिन्हींचे उपाय वेगळे. शिरताना सुटत असेल तर ब्रेकची ताकद आणि मागच्या सस्पेन्शनचा खाली लोंबण्याचा पल्ला बघायचा, मध्यावर सुटत असेल तर रोल सेंटर आणि स्प्रिंग, बाहेर पडताना सुटत असेल तर अँटी-स्क्वॉट, डिफरन्शियल आणि मागचं तेल. म्हणून चांगल्या जोडीतला एक जण मचाणावर असतो आणि दुसरा वळणाशी गुडघ्यावर बसून चाकांकडे बघतो. वरच्याला गाडी जाते कशी ते दिसतं, खालच्याला चाक नेमकं काय करतंय ते.

एका वेळी एकच बदल, हा नियम सगळे सांगतात आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या घाईत सगळे मोडतात. स्प्रिंगही बदलली, तेलही बदललं, गाडी सुधारली, पण कशाने? पुढच्या ट्रॅकवर हे उत्तर नसेल तर शून्यापासून सुरुवात. आणि घड्याळ बघतानाही सर्वांत वेगवान फेरी सोडून पाच मिनिटांतल्या सगळ्या फेऱ्या बघायच्या. एक फेरी अफाट आणि तीन फेऱ्यांत उलटी पडलेली गाडी हरते.

आपल्याकडे हा खेळ अजून छोट्या गटांत आहे. आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये रिमोटवरच्या गाड्यांच्या शर्यती झाल्या आहेत. पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं बाहा एसएईइंडिया या स्पर्धेसाठी एका माणसाची खरी बग्गी वर्षभर खपून बांधतात. रोल सेंटर, कॅम्बर, अँटी-स्क्वॉट हे शब्द त्यांच्या वहीत आधीपासून असतात. त्यांनी एक-दशांश मापाची एक बग्गीही बाजूला ठेवावी असं मला मनापासून वाटतं. खऱ्या गाडीत वेल्डिंग तोडून जो प्रयोग करायला आठवडा जातो, तो इथे दोन वायसर आणि एका ॲलन कीवर संध्याकाळी होतो, आणि परिणाम लगेच डोळ्यासमोर दिसतो.

सुरुवात करणाऱ्याने क्रम असा धरावा. आधी त्या जमिनीला चालणारा टायर. मग गाडीची उंची पुढे-मागे मोजून डावी-उजवी बाजू सारखी. मग चारही शॉकअप नव्याने भरून जोडीने तपासायचे. एवढ्यावर काही दिवस गाडी चालवायची आणि बाकी कशाला हात लावायचा नाही, कारण हाताला गाडीची सवय होईपर्यंत डोळा खरा निकाल देत नाही. त्यानंतर कॅम्बर-दांडीचे वायसर, मग तेल, मग पिस्टन.

आणि कागद स्वतःचा लिहायचा. परदेशी शीटवर चिकणमाती, हिरवळ, गालिचा यांचे सेटअप ढिगाने मिळतात. आपल्या मैदानांवर मुरूम आहे. वरती सैल खडा, खाली दगडासारखा थर, पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवस मिळणारी घट्ट पकड आणि मग पुन्हा महिनोन् महिने धुरळा. मुरमावर उंच काट्याचा टायर एका दुपारीत झिजतो आणि संध्याकाळी तोच अर्धवट झिजलेला टायर नव्यापेक्षा बरा चालतो, कारण खालच्या कडक थराला रबर जास्त टेकतं. हे कुठल्याही कंपनीच्या कागदावर नाही. शीटवर जमिनीच्या प्रकारात शेवटी 'इतर' म्हणून रिकामी ओळ असते. तिथे मुरूम, वेळ, तापमान, शेवटचा पाऊस कधी पडला होता आणि टायर किती झिजला होता एवढं लिहिलं, तर पुढच्या हंगामात तोच कागद शेजारच्या गावातल्या नव्या खेळाडूच्याही कामी येईल.